सर्व्हर बदलायचाच, पण आधी तो नारिंगी दिवा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. इंदुरातल्या एका जुन्या मराठी संस्थेच्या शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते आणि शाळेचं नेटवर्कही माझ्याच गळ्यात आहे. एकच सर्व्हर आहे, विंडोज सर्व्हर २०१२ आर-२. लॅबमधले अठ्ठावीस आणि ऑफिस-स्टाफरूममधले नऊ कॉम्प्युटर त्याला जोडलेले आहेत. मुलांचे लॉगिन, शिक्षकांचे फोल्डर, फी आणि निकालाचं सॉफ्टवेअर, सगळं त्याच्यावरच. सिल्व्हर मॉलमधला आमचा व्हेंडर म्हणतो, ही आवृत्ती बंद झाली, याच मशीनवर थेट २०२५ टाकून देतो, एका रविवारात काम होईल. प्राचार्य म्हणतात, ‘चल रहा है ना, तो चलने दो.’ मागे एकदा असंच काहीतरी अपग्रेड करताना ऐन प्रवेशाच्या दिवसांत फीचं सॉफ्टवेअर बंद पडलं होतं, ते त्यांच्या डोक्यातून जात नाही. सर्व्हरचा तसा काही त्रास नाही. रोज रात्री मागच्या यूएसबी हार्ड डिस्कवर आपोआप बॅकअप जातो. पुढच्या बाजूला एक नारिंगी दिवा बरेच महिने लागलेला आहे, पण काम सुरळीत चालू आहे. मी कोणाचं ऐकू?
एक शिक्षिका, इंदूर

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलेली गोष्ट मला सगळ्यात आधी घ्यावी लागेल. तो नारिंगी दिवा.

तुमचा सर्व्हर बहुधा दहा-अकरा वर्षांचा टॉवर असणार. अशा सर्व्हरमध्ये बहुतेक वेळा दोन हार्ड डिस्क मिररमध्ये लावलेल्या असतात. जे एकीवर लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवरही. एक गेली तरी दुसरी काम ओढते आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मिरर लावतात तो त्याचसाठी. दिवा डिस्कच्या खणावर असेल, तर एक डिस्क गेलेली आहे किंवा जायच्या बेतात आहे, आणि तुमच्या शाळेचा सगळा कारभार महिनोन्‌महिने उरलेल्या एकीवर चाललाय. तीही तेवढ्याच वयाची. दिवा खणावर नसून पुढच्या पट्टीवर असेल, तर तक्रार पॉवर सप्लायची, पंख्याची किंवा मेमरीचीही असू शकते. नेमकं काय ते डिस्कची जोडी सांभाळणाऱ्या रेड कंट्रोलरच्या किंवा सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या युटिलिटीत दिसतं. व्हेंडरला पहिलं काम हेच सांगा.

मात्र त्याला आल्या आल्या डिस्क ओढू देऊ नका. घाईत चांगली डिस्क बाहेर आली आणि बिघडलेली आत राहिली, असे प्रकार होतात. शिवाय नवी डिस्क लावली की जुनीवरचा सगळा डेटा तिच्यावर उतरतो, त्यात काही तास जुनी सलग राबते, आणि थकलेल्या डिस्का माना टाकतात त्या नेमक्या अशाच वेळी. म्हणून आधी पूर्ण बॅकअप, तो उघडतो याची खात्री, आणि मगच डिस्क. अशा मशीनवर जागच्या जागी अपग्रेड करायला निघालेल्या माणसानं तो दिवा एकदाही पाहिला नसेल, तर त्याच्या ‘एका रविवारात’ला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

आता बॅकअपकडे येऊ. ती यूएसबी डिस्क रात्रंदिवस सर्व्हरला खोचलेली असते, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर ते सर्व्हरला दिसणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फायली कुलूपबंद करतं, त्यात ही डिस्कही आली. दोन डिस्का घ्या, आठवड्याला अदलाबदल करा आणि जी बाहेर असेल ती प्राचार्यांच्या कपाटात जाऊ द्या. त्याहून महत्त्वाचं, त्या डिस्कवर नेमकं काय जातंय ते उघडून बघा. पुष्कळ शाळांमध्ये ‘बॅकअप’ म्हणजे कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलेली एक बॅच फाइल असते, जी रात्री दहा वाजता फोल्डर कॉपी करते. फीचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये असेल आणि ती सेवा रात्रीही चालू असेल, तर डेटाबेसची फाइल तेव्हा वापरात असते. साधी कॉपी तिला वगळून पुढे जाते. बाकीच्या हजारो फायली व्यवस्थित पोचतात, रोज रात्री डिस्कचा दिवा लुकलुकतो, आणि फीचा डेटा त्यात कधीच नसतो.

याची परीक्षा सोपी आहे. लॅबमधला एक बरा कॉम्प्युटर नेटवर्कमधून काढा. त्यावर एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती टाका, मूळ सर्व्हरवर आहे तीच किंवा तिच्यापेक्षा नवी, कारण नव्या आवृत्तीचा बॅकअप जुनीत उघडत नाही. मग बॅकअपमधला डेटाबेस त्यात उतरवा आणि फीच्या शेवटच्या पावतीचा नंबर ऑफिसातल्या पावतीपुस्तकाशी ताडून पाहा. जुळला तर बॅकअप आहे. नाही जुळला तर अपग्रेडचा विचार महिनाभर बाजूला ठेवा आणि आधी हे निस्तरा. माझ्या मते तुमचा खरा निर्णय इथेच होतो. सर्व्हर उद्या बंद पडला तर तो दुसरीकडे उभा करता येतो, हे एकदा करून पाहिलं असेल तर अपग्रेड हे सुटीतलं एक काम उरतं. करून पाहिलं नसेल तर अपग्रेड करा नाहीतर राहू द्या, जुगार दोन्हीकडे सारखाच.

एक गोष्ट यात राहून जाते. शाळेचे लॉगिन आणि कॉम्प्युटर एकत्र बांधणारी व्यवस्था म्हणजे डोमेन, ते सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर, आणि तुमच्याकडे तो एकुलता एक आहे. त्याची ‘सिस्टिम स्टेट’, म्हणजे लॉगिन-परवानग्यांसकट त्याची आतली नोंद, बॅकअपमध्ये नसेल, तर फायली परत येतील पण मुला-शिक्षकांचे सगळे लॉगिन आणि परवानग्या नव्यानं बनवाव्या लागतील, आणि सदतीसच्या सदतीस कॉम्प्युटर एकेक करून परत डोमेनला जोडावे लागतील. विंडोज सर्व्हरमध्येच ‘विंडोज सर्व्हर बॅकअप’ नावाची सोय आहे. ती सिस्टिम स्टेट घेते आणि चालू फायलीही व्यवस्थित उचलते. वेगळा खर्च नाही.

तर आता मूळ प्रश्न. सर्व्हर बदलायला हवा, हे व्हेंडरचं बरोबर आहे. २०१२ आर-२ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला. पैसे मोजून मिळणारी वाढीव सुरक्षा-दुरुस्तीही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. आधार संपला म्हणून सर्व्हर बंद पडत नाही, तो वर्षानुवर्षं चालेल, त्यामुळे प्राचार्यांच्या ‘चल रहा है’ला तुम्ही समोरासमोर खोडून काढू शकणार नाही. अडचण अशी की नवी भोकं सापडत राहतात आणि ती बुजवणारं कोणी नसतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर आलं तेव्हा त्या भोकाची दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. ज्यांनी ती घातली नव्हती ते सापडले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांसकट. ते एका मशीनमधून आत शिरायचं आणि फाइल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी-१ या पद्धतीतून अख्ख्या नेटवर्कभर पसरायचं. तुमच्याकडे अठ्ठावीस कॉम्प्युटरवर मुलं घरून आणलेले पेन ड्राइव्ह लावतात आणि त्याच तारेवर फीचा डेटा आहे, मुलांचे समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचे ओळख क्रमांक) आणि आधार नंबर आहेत. ‘आमचा सर्व्हर इंटरनेटवर कुठाय’ हे उत्तर इथे पुरत नाही.

आणि तो इंटरनेटवर नाही हे तरी तपासलंय का? फीच्या सॉफ्टवेअरवाल्याला किंवा व्हेंडरला घरबसल्या सर्व्हर बघता यावा म्हणून राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचं पोर्ट उघडून ठेवलेलं मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता मला त्याचं नवल वाटत नाही. हे रिमोट डेस्कटॉपचं दार. जगभरातले भामटे दिवसरात्र ही दारं ठोठावत असतात आणि आत ‘अॅडमिन’ नावाचं खातं, शाळेचं नाव आणि १२३ असा पासवर्ड. आज शाळेत गेलात की राउटरचं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडा. तिथे हा आकडा दिसला तर काढून टाका, कोणाला विचारत बसू नका. ज्याला गरज असेल तो फोन करेल, तेव्हा तुमच्यासमोर, तुम्ही परवानगी दिल्यावर स्क्रीन शेअर करू द्या.

एसएमबी-१ बंद करणं हेही याच आठवड्यातलं काम, पण जरा जपून. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-खिडकीत सध्या जोडलेल्या एसएमबी सेशनची यादी मागता येते, त्यात ‘डायलेक्ट’ नावाचा रकाना असतो. त्यातला आकडा १ नं सुरू होणारा असेल तर ते यंत्र जुन्या पद्धतीनं जोडलेलं आहे. तिथे तुम्हाला कॉम्प्युटर कमी आणि ऑफिसातला जुना झेरॉक्स-स्कॅनर दिसण्याची शक्यता जास्त. स्कॅन केलेली टीसी थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये जाते ना, ती याच वाटेनं. पण स्कॅन चालू असतानाच तो यादीत दिसतो, म्हणून ऑफिसच्या गर्दीच्या वेळी यादी काढा. नाहीतर एसएमबी-१ बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी बडे बाबू ‘मॅडम, स्कॅन होत नाहीये’ म्हणत तुमच्या वर्गाच्या दारात उभे. जुन्या कॉपियरला स्कॅन मेलवर किंवा पेन ड्राइव्हवर द्यायची सोय असते, तेवढ्यावर भागतं.

आता ते ‘थेट २०२५’. २०१२ आर-२ वरून २०२५ वर एका उडीत जाता येतं, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, तेवढ्यापुरतं तो खोटं बोलत नाही. पण तुमचा सर्व्हर डोमेन कंट्रोलर आहे. २०२५ चा डोमेन कंट्रोलर हवा असेल तर डोमेनची फंक्शनल लेव्हल, म्हणजे डोमेन कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी चालतं ती पातळी, किमान २०१६ लागते. आणि २०१२ आर-२ चा कंट्रोलर डोमेनमध्ये आहे तोवर ती लेव्हल २०१६ वर नेताच येत नाही. तुमचा तर एकमेव कंट्रोलर तोच. म्हणजे एका उडीची ही वाट तुमच्यापुरती बंद आहे. व्हेंडरला फक्त एवढंच विचारा, ‘फंक्शनल लेव्हलचं काय करणार?’ उत्तर आलं तर माणूस कामाचा आहे. ‘वो सब हो जाता है मॅडम’ असं आलं, तर दुसऱ्याचंही कोटेशन मागवा.

माझी पसंती २०२२ ला. तिला सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत मिळणार आहेत, तुमच्या आत्ताच्या डोमेनमध्ये ती सरळ येऊन बसते, आणि छोटी फी-सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांनी तिच्यावर आपलं काम तपासलेलं असण्याची शक्यता जास्त. २०१९ जानेवारी २०२९ मध्ये संपते, २०१६ तर जानेवारी २०२७ मध्येच, तेव्हा स्वस्तात मिळते म्हणून तिकडे वळू नका. शैक्षणिक संस्थांसाठीचं व्हॉल्यूम लायसन्स २०२५ चं घेतलं तरी त्यावर २०२२ चालवायची मुभा असते. उद्या वर जायचं झालं तर सर्व्हरच्या लायसन्सचा पुन्हा खर्च नाही.

लायसन्सवरून आठवलं. कोटेशनमध्ये ‘सर्व्हर अपग्रेड, १ नग’ अशी एकच ओळ असेल तर ती फोडून मागा. सर्व्हरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर असतं आणि प्रोसेसर कितीही लहान असला तरी किमान सोळा कोअरचं घ्यावंच लागतं. त्याशिवाय सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी वेगळी कॅल (सर्व्हर वापरायचा परवाना) लागते, आणि २०१२ ची कॅल २०२२ ला चालत नाही. कोटेशनातून नेमकी हीच ओळ गायब असते. कॅल माणशी घेता येते किंवा यंत्रामागे. एका कॉम्प्युटरवर दिवसभरात दहा मुलं बसतात, तेव्हा शाळेला यंत्रामागेच परवडते. ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणाऱ्या ‘ओरिजिनल की’च्या नादी लागू नका. संस्थेच्या ऑडिटमध्ये त्याची उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील.

पद्धत मात्र बदला. घर बदलताना नव्या जागेत गॅस-पाणी सुरू झाल्याशिवाय जुन्या घराची किल्ली आपण देत नाही, तसं करायचं. नवं मशीन घ्या, त्यावर २०२२ टाका, ते डोमेनमध्ये दुसरा कंट्रोलर म्हणून जोडा. त्याआधी एकच तपासणी : तुमचं डोमेन फार पूर्वी, २००३ च्या सर्व्हरवर जन्मलेलं असेल, तर कंट्रोलरांमध्ये डोमेनच्या फायली सारख्या ठेवणारी जुनी एफआरएस प्रतिकृती-पद्धत अजून चालू असू शकते. २०१९ पासून पुढे ती चालत नाही, आधी डीएफएसआर या नव्या पद्धतीवर न्यावी लागते. लॉगिन दोन्हीकडे दिसू लागले की पाचही ‘फिझमो’ भूमिका (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं) नव्याकडे द्या. फोल्डर विंडोजमधल्या रोबोकॉपी या आज्ञेनं परवानग्यांसकट न्या, माउसनं ओढून नेलेत तर परवानग्या मागेच राहतात आणि नववीच्या पोरांना प्रश्नपत्रिकांचा फोल्डर उघडा मिळतो. कॉम्प्युटरना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीची यादी निर्यात करून नव्यावर आयात करा आणि त्यात डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) म्हणून नव्याचा पत्ता द्या.

मग जुना सर्व्हर फक्त बंद करून ठेवा. डोमेनमधून काढू नका अजून. दोन-तीन कामाचे दिवस जाऊ द्या. जे काही जुन्या आयपी पत्त्याला चिकटून बसलंय ते आपोआप ओरडेल : हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, एखादा नेटवर्क प्रिंटर, आणि फीच्या सॉफ्टवेअरची ती सेटिंगची फाइल, जिच्यात कोणीतरी सर्व्हरच्या नावाऐवजी थेट पत्ता लिहून ठेवलाय. अडलं तर जुना पाच मिनिटांत चालू होतो. सगळं शांत झालं की मग त्याला रीतसर डिमोट करा, म्हणजे कंट्रोलरपदावरून उतरवा. पूर्वी फीचं सॉफ्टवेअर बंद पडलं तेव्हा परतीची वाट नव्हती, यावेळी ती आहे, हे प्राचार्यांना याच शब्दांत सांगा. त्यांचा विरोध नव्या सर्व्हरला नसावा, त्या दिवसांत काउंटरवर जी बोलणी खाल्ली त्याला असावा.

वेळेबद्दल मी पूर्णपणे त्यांच्या बाजूनं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, मग घरगुती निकाल, एप्रिलपासून नवं सत्र आणि फीची रांग. यात कुठेच जागा नाही. मे महिन्यात मुलं नसतात, ऑफिस अर्धं असतं, तेव्हा करा. पहिल्या पंधरवड्यात आटपा, म्हणजे महिनाअखेरीच्या वादळात वीज गेली तरी अर्धवट डेटा मध्ये लटकणार नाही. यूपीएसची बॅटरी त्याआधी बदलून घ्या. सर्व्हर कपाटाशेजारच्या बंद खोलीत असेल तर मेमधल्या इंदुरात निदान एक एक्झॉस्ट पंखा लावा.

सर्व्हर हवाच का, असा प्रश्न कार्यकारिणीत कोणीतरी विचारेलच. वाजवी प्रश्न आहे. शिक्षकांचे फोल्डर आणि मेल गूगलच्या शाळांसाठीच्या मोफत योजनेत जाऊ शकतात, फीचं सॉफ्टवेअर क्लाउडवर मिळतं. पण लॅबमधलं लॉगिन आणि बंधनं डोमेनइतकी सोपी दुसरीकडे होत नाहीत, आणि इंटरनेट गेलं त्या दिवशी फी घेणं थांबेल. लिनक्सवर सांबा हे मोफत सॉफ्टवेअर डोमेनचं काम २०१२ पासून करतंय आणि चांगलं करतंय, पण तुमची बदली झाली किंवा तुम्ही सोडून गेलात तर ते कोण बघणार? तुमच्या शाळेसाठी मी आत्ता विंडोजवरच राहायला सांगेन.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी सर्व्हर. लॅबमधल्या विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, पण तिथे शैक्षणिक संस्थांना वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या पहिल्या वर्षी कॉम्प्युटरमागे एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार अशा दरानं मिळतात. अठ्ठावीस कॉम्प्युटरना हा खर्च कोणीही मंजूर करेल. तेवढ्यात नवे घ्यायची तजवीज होईल. लॅबमध्ये कुठे विंडोज ७ उरलं असेल तर ते मात्र नेटवर्कमधून आजच काढा.

फीच्या सॉफ्टवेअरवाल्यांना आजच एक मेल टाका : तुमचं सॉफ्टवेअर विंडोज सर्व्हर २०२२ वर चालतं का आणि एसक्यूएल सर्व्हरच्या कोणत्या आवृत्तीवर? उत्तर लेखी घ्या, फोनवर नको. त्यांनी २०१२ किंवा २०१४ ची आवृत्ती सांगितली, तर त्या दोन्हींचाही आधार संपलेला आहे आणि नव्या सर्व्हरवर जुना डेटाबेस न्यायचा की नाही हे वेगळं ठरवावं लागेल. त्यांचं उत्तर आणि तो दिवा नेमका कशाचा निघाला, हे दोन्ही मला कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.